दारातून दिसणारा टीव्ही

टीव्ही घेताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहिली. दारात उभ्या असलेल्या माणसाला तो दिसतो की नाही. चित्र किती स्वच्छ, आवाज कसा, कंपनी कोणती, हे सगळं नंतर. कारण सांगून टाकते. माझा नवरा मला मारायचा, आणि माणसांसमोर मारायचा नाही. मला घरात माणसं हवी होती. रोज, संध्याकाळी.

तेव्हा आम्ही वाडीला राहत होतो, अमरावती रोडवर. भाड्याच्या खोल्यांची एक ओळ, आणि समोर ट्रान्सपोर्टची गोदामं. नवरा त्यातल्या एका गोदामात बुकिंगचं काम बघायचा, मी जवळच्या शाळेत शिकवायचे. दिवे लागायच्या वेळी तो पिऊन घरी यायचा. तेव्हापासून जेवणापर्यंतचा वेळ वाईट. जेवला की झोपायचा, आणि सकाळी उठून चहा मागायचा. काल रात्री तो दुसऱ्याच कोणाच्या घरी होता असं त्याच्या तोंडाकडे बघून वाटायचं.

मारण्यात तो व्यवस्थित होता. चेहऱ्यावर नाही, शाळेत दिसेल म्हणून. पाठ, मांड्या, केसांखालचं डोकं. आधी हात, मग पट्टा. एकदा त्याने माझी करंगळी सांडशीत धरून पिरगाळली. ती अजून सरळ होत नाही, खडू धरला की वेगळी उभी राहते. मूल नाही म्हणून, भाजी खारट झाली म्हणून, हेडमास्तरांशी दारात बोलले म्हणून. मी यादी केल्याशिवाय भाजीलाही न जाणारी बाई. कारणांची यादी करून ती एकेक मिटवत गेले तर मार थांबेल, असं मला बराच काळ वाटत होतं. भाजी अळणी केली, तर अळणी म्हणून मार बसला. कारणं रोज नवी निघायची. वेळ आणि जागा मात्र ठरलेली होती. म्हणून मग मी कारणांचा नाद सोडला आणि वेळ-जागेचा विचार सुरू केला.

शेजारच्या खोलीत एक म्हातारी राहायची. आमची भिंत एकच. ओळीतले सगळे तिला आजी म्हणायचे. एकदा नळावर वाकले तेव्हा पोलक्याच्या वरून पाठीवरचा वळ दिसला असावा. तिने बघितला आणि नजर बादलीकडे वळवली.

मी विचारलं, "आजी, काल तुम्हाला काही ऐकू आलं का हो?"

"नाही वं बाई," ती म्हणाली. "त्या ट्रकाईच्या आवाजात काई आयकू येते का? माहे तर कानच गेले बाप्पा."

तिचे कान चांगले होते. चार घरं पलीकडे दूध उतू गेलं तरी तिला कळायचं. पण तिला दोष देत नाही. ओळीत सगळ्यांचंच उत्तर तेच होतं, आणि ट्रकही खरोखरच रात्रंदिवस चालू असायचे. सावनेरला माहेरी गेले तर भाऊ दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ बांधून देऊन परतीच्या बसमध्ये बसवायचा. दोनदा जाऊन आले, मग तेही सोडलं.

अशात नवऱ्याचा मामेभाऊ पाय मोडून घेऊन आमच्याकडे येऊन पडला. प्लास्टर निघेपर्यंत बाहेरच्या खोलीत त्याची खाट. तेवढ्या दिवसांत नवऱ्याने मला बोटही लावलं नाही. एकदा तर माझ्या हातातलं ताट घेऊन स्वतः घासलं. "वहिनी, नशीब काढलं तुमी," मामेभाऊ म्हणाला. तो गेला त्याच संध्याकाळी पट्टा निघाला, आणि साठलेलं सगळं वसूल झालं. पण मला जे कळायचं होतं ते कळलं होतं.

त्याच सुमारास रस्त्यापलीकडच्या एका घरात टीव्ही आला. वाडीतला पहिलाच. कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळी त्या दारात चपलांचा ढीग पडायचा. कोणाला बोलावणं नाही, काही नाही. लोक आत शिरून बसायचे ते शेवटच्या बातम्या संपल्याशिवाय उठायचे नाहीत. त्या घरातली बाई नळावर रडकुंडीला यायची. "जेवायले बसता येत नाही वं मास्तरीणबाई, ताटाभोवती माणसं!" मी बादली भरत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हा ढीग माझ्या दारात पाहिजे.

टीव्ही नवऱ्यालाही हवा होता, पण छोटा. आतल्या खोलीत ठेवून पलंगावर पडून बघण्यापुरता. पैसे माझ्या पगाराच्या फरकातून जाणार होते, तरी निवड त्याची. मी म्हटलं, "छोटा कोणीही घेईल. मोठा घेतला तर वाडीत तुमचं नाव निघेल." रविवारी तो स्वतःच म्हणाला, "चल, बर्डीले जाऊन येऊ."

सीताबर्डीच्या दुकानात मी यादी घेऊनच गेले. पडदा मोठ्यात मोठा. पाय उंच. शटर नको. तेव्हाच्या टीव्हीला लाकडी सरकती दारं असत आणि त्यांना कुलूप. म्हणजे माणसं कधी यायची ते किल्लीवाला ठरवणार. आणि चौथं, कडेला बसलेल्याला दिसलं पाहिजे.

दुकानदाराने दोन मोठे टीव्ही लावून दाखवले. पहिल्याची काच पोट पुढे काढल्यासारखी होती. समोरून चित्र छान, पण बाजूला गेलं की माणसं लांबट व्हायची आणि रस्त्यावरचा उजेड काचेवर चकाकायचा. दुसऱ्याची काच बरीच सपाट. मी त्याच्या समोर उभी राहिले, डावीकडे भिंतीला टेकून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, दुकानाच्या पायरीवर जाऊन पाहिलं, शेवटी पदर खोचून फरशीवर बसले.

"ताई," दुकानदार म्हणाला, "टीव्ही घेऊन राहिल्या का प्लॉट मोजून राहिल्या?"

गिऱ्हाइकं हसली. नवराही हसला. त्याने मला उठवायला हात दिला आणि उठल्यावरही दंड सोडला नाही. कोपराच्या वर परवाचा वळ होता, त्यावर अंगठा रोवला. "आमच्या मास्तरीणबाईले सगळं तपासून लागते," तो दुकानदाराला म्हणाला. अंगठा आत जात होता. डोळ्यांसमोर अंधारी यायला लागली.

मी सपाट काचेच्या टीव्हीकडे बोट केलं. "हा."

"तो छोटा पण पाहून घे ना," नवरा हसत म्हणाला, आणि अंगठा फिरवला.

"हाच," मी म्हटलं.

इतक्या लोकांसमोर त्याला नाही म्हणता आलं नाही. दुकानदार उगाच का म्हणाला असेल, "साहेब, मोठ्या मनाचे दिसता," कोण जाणे. त्याने काम सोपं केलं.

त्या संध्याकाळी नवऱ्याने पट्ट्याची बकलाची बाजू वापरली. "दुकानात लय मोठी झाली होती न तू? जमिनीवर बसते भिकारनीसारखी! माही इज्जत काढते?" मी पलंग आणि भिंत यांच्यामधल्या जागेत शिरले, तिथे पट्टा पुरता फिरत नाही. मग त्याने लाथा वापरल्या. एक बरगडीत बसली, पुढे कित्येक दिवस खोकता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून टीव्ही आला. छपरावर अँटेनाचा बांबू धरून उभ्या माणसाला मी अंगणातून ओरडून सांगत होते, "थोडा डावीकडे, अजून थोडा," आणि प्रत्येक ओरडण्याला बरगडी चमकत होती.

पहिल्याच दिवशी खोली भरली. ओळीतल्या बायका, त्यांची पोट्टी, मागच्या गल्लीतले अनोळखी. आजी सर्वात पुढे, टीव्हीच्या पायापाशी. शेवटच्या खोलीतला ट्रक ड्रायव्हर उंबऱ्यावर बसायचा, आत यायला लाजायचा. नवरा पिऊन आला, दारातला चपलांचा ढीग ओलांडला, आणि खोलीभर वळलेली तोंडं बघून उभ्या जागी बदलला. "बसा बसा, उठू नका! चहा टाक गं." दोन-चार दिवसांत तो टीव्हीवाले भाऊ झाला. टीव्हीशेजारी त्याची खुर्ची, बटणाला हात फक्त त्याचा. शेवटच्या बातम्यांपर्यंत दारू उतरायची, मग तो जेवून झोपायचा. मी पुन्हा उताणी झोपायला लागले. ते मी विसरलेच होते.

मग रविवारच्या सिनेमाने घात केला.

सिनेमात मारामारी सुरू झाली की सगळी खोली पुढे सरकायची, पोट्टी किंचाळायची. अशाच एका मारामारीत नवऱ्याने बटण फिरवून आवाज वाढवला आणि उठून माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. स्वयंपाकघराचं दार लोकांच्या पाठीमागे होतं, त्याला पडदा. त्याने मागून माझे केस मुठीत धरले आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. बाहेर ढिशुम ढिशुम आणि टाळ्या. "ओरड न," तो कानात म्हणाला. "ओरड. पाहू कोण आयकते." मी ओरडले. बाहेर नायकाने कोणाला तरी काचेतून फेकलं आणि पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. नवरा केस सारखे करून खुर्चीत जाऊन बसला.

त्यानंतर दर रविवारी. सिनेमात मारामारी नसेल तर गाण्यात. मी शाळेत भुवईला बँडेज लावून गेले, चेहऱ्याचा नियमही आता गेला होता.

एका शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी तो गोदामात असताना मी टीव्हीच्या चारही पायांखाली गोणपाट सारलं आणि तो ओढत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, स्वयंपाकघराच्या दाराला खेटून. आता टीव्हीकडे बघणाऱ्या प्रत्येकाची नजर त्या दाराकडेच जाणार होती. कोपऱ्यातल्यांना तो तिरपा दिसणार होता. मी तिथे बसून पाहिलं, सपाट काचेत तिरपंही ठीक दिसत होतं. पडदा काढून धुतला आणि वाळत टाकला. तो वाळल्यावर परत लावला नाही.

"जागा काहून बदलली?" संध्याकाळी नवऱ्याने विचारलं.

"तिथे उन्हाची चकाकी येते," मी म्हटलं. आजी तोवर येऊन बसलीच होती, म्हणून विषय तिथेच राहिला.

रविवारी तो नेहमीपेक्षा जास्त पिऊन आला. टीव्हीशेजारी सरकवलेल्या खुर्चीत नेहमीसारखा बसला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि दारातून सगळ्यांची तोंडं मला दिसत होती, निळ्या उजेडात. पाणी जास्त पडलं, कणीक सैल झाली. मारामारी लागली. नवऱ्याने आवाज पूर्ण वाढवला आणि सवयीने उठून आत आला. पडदा नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

त्याने वेणी हाताला गुंडाळून मला खाली ओढलं. मी गुडघ्यांवर आपटले. परातीशेजारचं लाटणं उचलून त्याने खांद्यावर मारलं, मग मानेवर, मग मी डोक्यावर धरलेल्या हातांवर. मनगटात काहीतरी मोडल्याचा आवाज मला हाडातून आला. मी यावेळी ओरडले नाही. ओरडायची गरज नाही, असं मी ठरवलं होतं. लाटणं पडत राहिलं, आणि बाहेर कोणीच उठेना. मला वाटलं, चुकलं माझं गणित. हे बघूनही बसून राहतील.

आणि आवाज बंद झाला.

आजीने बटण फिरवलं होतं. त्या बटणाला नवऱ्याशिवाय कोणी हात लावत नसे. एकदम इतकं शांत झालं की लाटणं हाडावर बसल्याचा आवाज सगळ्या खोलीने ऐकला. नवऱ्याने मान वळवली. समोर ओळीने माणसं बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. मूक चित्रं बाजूला हलत होती, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"आता आयकू येऊन राहिलं गा मले," आजी म्हणाली. "मार. अजून मार ना. काहून थांबला?"

"आजी, तुमी मंधात पडू नका. नवरा-बायकोचं आहे."

"मग घरात शंभर माणसं काहून बसवतं रे, बेशरमा?" तिने त्याच्याच खुर्चीखालची त्याची चप्पल उचलली आणि तोंडावर हाणली. म्हातारीच्या हातात जोर नव्हता. पण उंबऱ्यावरचा ड्रायव्हर पहिल्यांदाच आत आला. लाटणं हातातून काढून घेतलं, नवऱ्याची कॉलर धरली आणि त्याला खोलीतून बाहेर नेऊन चपलांच्या ढिगात पाडलं. मागून आणखी दोघं गेले. बायकाही गेल्या. ज्याच्या हाताला जी चप्पल लागली ती घेऊन. नवरा आधी शिव्या देत होता, मग माफी मागत होता, मग फक्त "माय वं, माय वं" करत होता. त्याच्या नाकातून रक्त येऊन शर्टाची बटणं भिजली.

मी मोडका हात दुसऱ्या हाताने धरून दारात उभी राहिले. तिथून नीट दिसत होतं. थांबवा म्हणायचं माझ्या मनात आलं नाही.

आजी शेजारी येऊन उभी राहिली. तिने आपला पदर फाडून माझं मनगट बांधलं. "पोरी," ती म्हणाली आणि गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "चाल, दवाखान्यात."

नवरा त्या रात्री गोदामात झोपला आणि नंतर त्याच्या भावाकडे गेला. काही दिवसांनी भर दुपारी हातगाडी आणि हमाल घेऊन आला. त्याला टीव्ही हवा होता. माझा हात प्लास्टरमध्ये, ओळीतले पुरुष कामावर. त्याने ते बघूनच वेळ निवडली होती. मी दारात आडवी उभी राहिले, त्याने मला बाजूला ढकललं आणि आत गेला. हमाल मागोमाग.

आजी टीव्हीसमोर फतकल मारून बसली होती. भिंतीपलीकडून तिला हातगाडीची चाकं ऐकू आली असणार. मागच्या दाराने ती आधीच आली होती.

"उठ आजी," नवरा म्हणाला. "टीव्ही न्यायचा आहे."

"मी पाहून राहिली ना."

"बंद आहे तो! दुपारी काई लागत नाही टीव्हीवर."

"लागन," आजी म्हणाली. मान न वळवता, काळ्या काचेकडे बघत. "मी वाट पाहून राहिली. तू जाय."

दारात एकेक करून बायका जमल्या. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या कडेवर मूल. त्या आत येऊन आजीच्या मागे ओळीने बसल्या आणि बंद टीव्ही बघायला लागल्या. हमालाने नवऱ्याकडे पाहिलं, मग आपला टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाहेर जाऊन हातगाडीच्या दांड्या धरल्या.

नवऱ्याने खुंटीवरचे त्याचे दोन शर्ट आणि पट्टा घेतला. गाडी रिकामीच गेली. कार्यक्रम सुरू व्हायला अजून बराच वेळ होता. कोणी उठलं नाही, म्हणून मी डाव्या हाताने सगळ्यांसाठी चहा टाकला.