राहून गेलेला धवला

आमच्याकडे लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. तेल, हळद, मांडव, प्रत्येक विधीचं गाणं वेगळं. तिने धवला म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. माझी आई खारबावकडच्या चार गावांची धवलारीण. लहानपणी तिच्या मांडीवर लोळत मी इतके धवले ऐकले, की निम्मे तोंडपाठ होते.

आणि माझ्याच लग्नात मी तिला गप्प बसवलं. सासर भिवंडी शहरातलं, मी बी.कॉम. झालेली, अंगात नुसता तोरा! "आई, डीजे सांगितलाय. तू गाऊ नकोस, चारचौघांत शोभा होईल माझी." असं बोलताना जीभ झडली नाही मेली. आई एवढंच म्हणाली, "बरं." हळदीला ती नवं लुगडं नेसून खुर्चीत बसून राहिली. मला तर सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता माझी लेक हट्टाला पेटली. पूर्णा गावातल्या गोदामाच्या ऑफिसात नोकरी करते, पण म्हणाली, "मला हळदीला धवलेच हवेत. आजीला सांग." सांगते कपाळ! गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनात आईचा आवाजच गेला. तरी तिच्याकडे गेले. नुसत्या श्वासाने ती पुटपुटली, "तू गा. तुला येतंय."

"न्हाय आठवत गं. तू शिकव ना."

"आता कशानं शिकवू?" चार शब्दांतच तिला धाप लागली, आणि लिहिणं तिला कधी येतच नव्हतं.

हळदीला तिला शेजारी घेऊन बसले. पहिल्या दोन ओळी आल्या. माझ्या गळ्यातून तिचा सूर निघाला. हे माझ्यात होतं तर! तिसरी ओळ मात्र काही केल्या आठवेना. हळदीची वाटी घेऊन बायका थांबलेल्या. आईकडे पाहिलं, तर तिचे ओठ भराभर हलत होते, पण बायकांच्या गलबल्यात काही ऐकू येईना.

मागून कुणीतरी ओरडलं, "उशीर होतोय, डीजे लावा!" लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मानेनेच 'लावा' म्हटलं. त्या दणदणाटात हळद लागली. आई थांबली नाही. डोळे मिटून तिने नातीचा धवला शेवटपर्यंत म्हटला. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले, एखादा तरी शब्द ओळखू येतो का म्हणून.