पापडांच्या डब्यातला फोन

आमच्या घरात मुलीचा फोन पापडांच्या डब्यात राहायचा. डबा स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, म्हणजे माझ्या नजरेसमोर. संध्याकाळी अर्धा तास तो खाली उतरायचा, तोही शाळेच्या कृपेने. कारण शाळा गृहपाठ वहीत लिहून देत नाही, ग्रुपवर टाकते. दिवसा पोरांना फोनचे तोटे शिकवायचे आणि संध्याकाळी त्याच पोरांना सांगायचं, फोन उघडा, प्रश्न चार ते नऊ सोडवा. मी पालकसभेत हे बोलून दाखवलं. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, लिंक पाठवते, त्यात तुमची सूचना लिहा. मी हात टेकले.

नवऱ्याची मदत म्हणजे 'बरोबर बोलते तुझी आई' एवढं एक वाक्य. तेही स्वतःच्या फोनमधून डोकं वर न काढता.

एक नियम मात्र मी मुलीकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. अनोळखी माणसाचा मेसेज आला तर उत्तर द्यायचं नाही, पुसायचा नाही, तसाच्या तसा आणून आईला दाखवायचा. मी अमरावतीला सरकारी कार्यालयात कारकून आहे, दिवसभर लोकांचे अर्ज वाचते, त्यामुळे माणूस कागदावर किती खोटं लिहू शकतो हे मला चांगलं ठाऊक आहे. आठवीत तिला शिष्यवृत्ती मिळाली, ती नववीत गेली, तरी मी तो नियम आठवड्यातून एकदा म्हणून घ्यायचेच. तीही डोळे फिरवत म्हणायची.

जुलैमधल्या एका रविवारी संध्याकाळी मी तूरडाळ निवडत बसले होते. पोरगी फोन घेऊन आली आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली.

"आई, हे पाय. मी उत्तर नाही देल्लं."

मेसेज असा होता: बेटा, शिष्यवृत्तीबद्दल अभिनंदन. तू चित्रं छान काढतेस ना? जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणतेस, माझी त्या लाइनमध्ये ओळख आहे. सुट्टीत अकोल्याला आजोबांकडे येशील तेव्हा भेटू. आईबाबांना आत्ताच सांगू नकोस, त्यांना सरप्राइज देऊ.

नावाच्या जागी नुसतं एक गुलाबाचं फूल. वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्या माणसावर होता, पण तो समोर नव्हता. समोर पोरगी होती.

"कोनाले सांगतलं तू हे सगळं?"

"कोनालेच नाही."

"मंग त्याले स्वप्न पडलं का? अकोला, आबा, जनावरांची डॉक्टर! हे जनावरांचं मले माहीत नाही, अन् याले कसं माहीत?"

"ते मी फक्त आबाले सांगतलं होतं, उन्हाळ्यात."

आबा म्हणजे तिचे आजोबा, माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. वय पंचाहत्तर, अकोल्याला राहतात, सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. मामाजी गुलाबाच्या फुलाआडून नातीला मेसेज करत बसणार होते का? मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसावर ढकलू नको. आणि मग जे केलं, ते आठवलं की आजही मान खाली जाते. मी तिच्यासमोर बसून तिचा अख्खा फोन वाचून काढला. मैत्रिणीशी झालेलं बोलणं मोठ्याने वाचलं, एकेका ओळीचा जाब विचारला. पंधरा वेळा तरी एकच वाक्य सापडलं, 'आई आली, ठेवते.' त्या माणसाचा मागमूस कुठेच नव्हता. तरी माझी खात्री होती की पोरीने कुठेतरी काहीतरी लिहिलं असणार आणि पुसलं असणार.

नवऱ्याने पहिल्यांदाच स्वतःचा फोन बाजूला ठेवला. त्या नंबरवर फोन लावून पाहिला, तो बंद. मग पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज देऊन आला. मी नंबर ब्लॉक केला आणि पोरीचा फोन पापडांच्या डब्याऐवजी कपाटात कुलूपबंद केला. खरं सांगेपर्यंत मिळणार नाही, म्हटलं. गृहपाठ शेजारच्या मुलीच्या फोनवरून उतरवायचा.

महिनाभर घरात 'हो' आणि 'नाही' हे दोनच शब्द उरले. ती रडलीही नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

ऑगस्टमध्ये अकोल्याला आमच्या समाजाचा गुणगौरव सोहळा होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. समाजातल्या हुशार पोरांना एका मंगल कार्यालयात बोलावतात, शाल, ढाल आणि पुष्पगुच्छ देतात, आणि त्याआधी दीड तास मान्यवरांचे सत्कार करतात. पोरं भुकेने पेंगतात. आम्ही बसने गेलो. मामाजी पांढरंशुभ्र धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले होते, जसा काही सत्कार त्यांचाच.

आमचा नंबर आला. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ हातातला कागद बघून माइकवर म्हणाले, "चित्रकलेची आवड असलेल्या या कन्येला पुढे पशुवैद्यक होऊन मुक्या जनावरांची सेवा करायची आहे. सुट्ट्यांमध्ये ती अकोल्याला आजोबांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास करते."

टाळ्या पडल्या. पोरीने ढाल घेतली आणि स्टेजवरून थेट माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच पाहिलं.

मी पहिल्या रांगेत जाऊन मामाजींच्या शेजारी वाकले. "मामाजी, हे त्यांच्याजवळ कसं काय?"

"मीच देल्लं न फॉर्म भरून!" त्यांनी अभिमानाने फोन काढला. बोट फिरवत फिरवत जूनपर्यंत गेले आणि माझ्यासमोर धरला. समाजाचा जिल्ह्याचा ग्रुप, शेकडो माणसं. त्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरातल्या फॉर्मचा फोटो. वर पोरीचा पासपोर्ट फोटो चिकटवलेला. नाव, शाळा, इयत्ता, अमरावतीचा पत्ता, आवड, भविष्यात काय व्हायचं, सुट्टीत अकोल्याला आजोबांकडे असते हेसुद्धा. खाली मोबाइल नंबर, तिचा.

"अन् हा नंबर काहून टाकला?"

"तूच त सांगतला सूनबाई. तू म्हनली, माहा फोन सारखा बिझी रायते, तिचा टाका."

तेव्हा आठवलं. ऑफिसात टेबलासमोर पाच माणसं उभी, मामाजींचा फोन, समाजाचा फॉर्म भरून राहिलो म्हणाले. मी मानेत फोन धरून शिक्के मारत मारत पत्ता सांगितला, शाळा सांगितली, नंबर सांगितला. बाकीचं तुमच्या मनाने लिहा म्हटलं. दोन मिनिटांत आटपलं आणि विसरले. त्या ग्रुपमध्ये मीही आहे, पण रोजच्या सुप्रभातांना कंटाळून मी तो कधीचाच म्यूट केलेला. म्हणजे ज्या महिन्यात मी पोरीचा फोन ओळ न् ओळ वाचत होते, त्याच महिन्यात ती सगळी माहिती माझ्या स्वतःच्या फोनमध्ये पडून होती.

मी सचिवांना गाठलं. हे काढा म्हटलं. ते म्हणाले, "वहिनी, एवढं काय टेन्शन घेता? ग्रुपमध्ये सगळे आपलेच लोक हायेत." त्यातलाच एक आपला माणूस गुलाबाचं फूल लावून माझ्या पोरीला भेटायला बोलावतो, हे सांगितलं तर म्हणाले, आता लई दिवस झाले, सगळ्यांच्या फोनमधून निघत नाही. फॉर्मचा फोटो दुसऱ्या दोन ग्रुपांमध्येही गेलाय, कौतुकाने. मग मला पुलावाचं ताट देऊ लागले. मी ताटाकडे आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

मामाजींनाही मी सोडलं नाही. त्यांच्या घरी जाऊन तासभर त्यांना ऐकवलं, काय पाठवायचं, काय नाही, तुमच्यासारख्या माणसाच्या हातात फोन देणंच चूक. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मले वाटलं, पोरीचं नाव व्हईन."

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेल्यावर मी पोरीला म्हटलं, माझं चुकलं. ती खिडकीबाहेर कपाशीची वावरं बघत होती. म्हणाली, "ठीक हाये." मी तिला दुसरं सिमकार्ड घेऊन दिलं आणि फोनही परत दिला. ठीक हाये म्हणाली म्हणजे ठीक झालं, असं मी धरून चालले. जनावरांची डॉक्टर व्हायचं तिच्या मनात कधीपासून आहे, हे विचारायचं रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं. एका परक्या माणसाला ते माझ्याआधी कळलं, हे मला मेसेजपेक्षाही जास्त लागलं होतं.

गेल्या डिसेंबरात मी ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ती शेजारीच सोलत होती. तिचा फोन हळू चालतो म्हणून तिनेच मला बघायला दिला होता. बघता बघता ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी उघडली. तीन नंबर होते, त्यातला मी केलेला एकच.

"हे कोन?"

"असेच. एक जन फोटो मागून राहिला होता." शेंगेवरून नजर न काढता ती म्हणाली.

"कधी?"

"दिवाळीत. अकोल्याले होतो तेव्हा."

"मंग मले काहून नाही दाखवला? नियम काय हाये आपला?"

"तुले दाखवला असता त तू फोन ठेवून घेतला असता. सुट्टी संपल्यावर माह्या परीक्षा होत्या." तिने हातातले दाणे वाटीत टाकले. "आबाले दाखवला मी. ते चिल्लावले नाही. म्हनले, आन बेटा, दोघं मिळून ब्लॉक करू. त्याहिले चष्मा सापडून नाही राहिला होता, म्हनून मीच केला. ते बाजूले बसून होते."

मी फोन तिच्याजवळ ठेवला आणि शेंगा सोलत राहिले. बोलायचं खूप होतं, पण तोंड उघडलं असतं तर आवाज चढला असता, हे आता आम्हा दोघींनाही माहीत होतं.