आज नाही, जेवून घ्या

पोटात पाणी झालं की बाई सात महिन्यांची गरोदर दिसते, हे मला माझ्याच पोटावरून कळलं. अमरावतीहून अकोल्याला निघालो तेव्हा बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीने चटकन उठून मला जागा दिली. मग तिचं लक्ष माझ्या पांढऱ्या केसांकडे गेलं, पुन्हा पोटाकडे गेलं, आणि बिचारी लाजून खिडकीबाहेर बघायला लागली. माझे यजमान जन्मभर एसटीत कंडक्टर होते. ते त्याच आवाजात म्हणाले, "पोरी, घाबरू नको. पाणी हाय ते, लेकरू नाई." अर्धी बस हसली. मीही हसले, पण बेताने. जोरात हसलं की धाप लागायची.

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. दारूचा थेंब कधी शिवले नाही. पण "लिव्हर खराब आहे" म्हटलं की भेटायला येणारे आधी यजमानांकडे बघत आणि मग चोरून माझ्याकडे. जुना मधुमेह, वाढलेलं वजन, त्यातून यकृतावर चरबी साचली आणि हळूहळू ते कडक होत गेलं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. एकदा रक्ताची उलटी झाली. अमरावतीतच दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबराची कडी बसवली. उरलेल्या शिरांना काही आठवड्यांनी बसवायची होती, तर ऐन वेळी दुर्बीणच बिघडली. ती दुरुस्तीला नागपूरला गेली आणि तिकडेच रमली. शेवटी आम्हाला सांगण्यात आलं, "अकोल्याला जा, तिकडे लवकर होईल."

अकोल्यात भरती झाले. पोटातलं पाणी काढलं, श्वास मोकळा झाला. दुर्बिणीसाठी मात्र रोज सकाळी उपाशी राहायचं आणि भर दुपारी निरोप यायचा, "आज नाही, जेवून घ्या." कारण खरं असायचं. कुणीतरी रक्ताच्या उलट्या करत मध्येच यायचं आणि त्याचा नंबर आधी लागायचा. मला ते पटायचं. मीही एकदा अशीच कुणाच्या तरी पुढे घुसले होते. पण डोक्याला पटलेलं पोटाला पटत नाही.

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची एक मुसलमान बाई होती, अकोल्यातलीच. घरी गाद्या-रजया भरायचा धंदा. जुन्या काविळीने यकृत गेलेलं, तिलाही कडीच बसवायची होती. मी तिला आपा म्हणायला लागले, ती मला बाई.

तिसऱ्यांदा उपास वाया गेला तेव्हा आपा म्हणाली, "बाई, घरी रोजे ठेवते तं संध्याकाळी खजूर तरी भेटते. इथं तं पुण्यही नाई अन् खजूरही नाई."

हे ऐकून यजमानांमधला कंडक्टर जागा झाला. डॉक्टरीणबाई राउंडला आल्या तसे ते पुढे झाले. "मॅडम, आमची गाडी रद्द झाली तं आमी फलाटावर लगेच सांगत होतो. परवाशाले ताटकळत नव्हतो ठेवत. ह्या बायाइले सकाळीच सांगून द्याना, आज होते का नाई."

डॉक्टरीणबाई दमलेल्या दिसत होत्या. मला वाटलं, आता चिडणार. त्या म्हणाल्या, "दुपारपर्यंत उपाशी राहता तुम्ही? ह्या आजारात इतकं उपाशी राहणं बरं नाही." दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाच्या आतच नक्की व्हायला लागलं. सिस्टर यजमानांना सांगायची आणि ते वॉर्डाच्या दारातून पुकारायचे, "आज एकच सीट! बाकी मंडळी जेवून घ्या!"

जेवणात मीठ बंद. तिथे यजमानांची आणि आपाच्या घरच्यांची चढाओढ लागली. यजमान अकोल्यातल्या आपल्या चुलतबहिणीकडे उतरले होते. तिथून ते बिनमिठाची अंबाडीची भाजी करून आणत. अंबाडी मुळातच आंबट, तिला मिठाची उणीव फारशी भासत नाही. आपाच्या घरून तिची सून लसणाची फोडणी दिलेली, लिंबू पिळलेली डाळ पाठवायची. आपा यजमानांची भाजी चाखून म्हणायची, "भाई, भाजी भारी. भाकर मात्र गादीसारखी थापली."

आम्हा दोघींचा वाद एकाच गोष्टीवर. ती "मले, तुले" म्हणायची आणि माझ्या तोंडून सवयीने निघायचं, "मला, तुला." घरी यजमानांपुढे मी केव्हाच हात टेकले होते. आपा नवी विद्यार्थिनी होती.

मग ती दुपार आली. मला त्यातलं काही आठवत नाही. आपाने सांगितलं तेच सांगते. दोन-चार दिवस मला शौचाला झालं नव्हतं, लाजून मी कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी मी गुमसुम होते. आपा चार वेळा "मले" म्हणाली, मी एकदाही टोकलं नाही. तिला शंका आली. तिने विचारलं, "बाई, आज वार कोणता?"

मी म्हणाले, "सहामाही परीक्षा." आणि सिस्टरला दरडावून सांगितलं की आधी हजेरी घ्या.

यजमान हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे. आपा मात्र खाटेवरून ओरडली, "भाई, हसून काय राहिले! डाक्टरले बलवा!"

डॉक्टरीणबाईंनी मला दोन्ही हात पुढे धरायला लावले, तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडायला लागले. यकृत जे विष गाळू शकत नाही ते मेंदूत चढतं, असं त्यांनी यजमानांना सांगितलं. लगेच एनिमा दिला, गोड पातळ औषध सुरू केलं. जन्मभर भरल्या बसमध्ये आवाज चढवणारा माणूस त्या दिवशी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडला. हेही मला आपाकडूनच कळलं. ते अजून कबूल करत नाहीत.

औषधाने पोट धो-धो साफ झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोळ्यांपुढचं धुकं विरलं. आपा माझ्यावर वाकून विचारत होती, "बाई, तुमाले कसं वाटून राहिलं?"

"तुम्हाला," मी म्हणाले.

आपा टाळी वाजवून अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडली, "आली! बाई वापस आली!"

त्या प्रकाराने माझी कडी आणखी पुढे ढकलली गेली. मला वाईट वाटलं, पण चिडायला जागा नव्हती. ताटकळले नसते तर हे घरी झालं असतं आणि ओळखायला आपा नसती. शेवटी एका सकाळी यजमानांनी पुकारलं, "दोन सीट! दोन्ही आपल्याच!" आधी आपा आत गेली, मागून मी. बाहेर आलो तेव्हा दोघींचे घसे इतके दुखत होते की गार दुधाशिवाय काही गिळता येईना आणि बोलवेना तर मुळीच. सिस्टर म्हणाली, "आज वॉर्डात किती शांतता आहे!"

आता तपासणीसाठी आम्ही दोघी एकच दिवस मागून घेतो. गेल्या खेपेला दोघींच्याही शिरा बसलेल्या निघाल्या. आजार गेलेला नाही, तो सोबत राहणारच. पण डॉक्टरांनी पुढची तपासणी बरीच लांबची दिली. त्याच दिवशी आपा हात धरून मला तिच्या घरी घेऊन गेली. सुनेने मिठाविना पुलाव केला होता. यजमानांनी दोनदा वाढून घेतला. मग भरून ठेवलेल्या नव्या रजयांच्या ढिगाला टेकून आम्ही दोघी गप्पा मारत बसलो आणि बोलता बोलता चक्क झोपी गेलो.