बेबाबाईंचं घर विचारा

चाळीसगावात स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं टीचभर दुकान आणि डोक्यात हे एवढं मोठं खूळ, असा हा जितेंद्र. खान्देशात फिरायला येणाऱ्यांसाठी त्याने इंटरनेटवर एक मार्गदर्शिका चालवलीय. सगळी फुकट. जाहिरात घ्यायची नाही, लॉजवाल्याचा चहासुद्धा प्यायचा नाही. कुठल्या ढाब्यावर शेवभाजी शिळी मिळते, धुळ्यात कुठल्या गल्लीतल्या खोल्यांत ढेकूण आहेत, सगळं सरळ लिहिलेलं. वाचणारे खाली आपापला अनुभव टाकतात. तो कितीही कडू असो, जितेंद्र पुसत नाही. एक लॉजमालक दुकानात येऊन शिव्या हासडून गेला, तरी हा बाबा हलला नाही. "एकदा पुसायला लागलो की मग माझ्यावर विश्वास कोण ठेवील?" म्हणे.

त्या अख्ख्या मार्गदर्शिकेत मायेने लिहिलेली ओळ एकच. पाटणादेवीच्या वाटेवर त्याचं खेडं आहे, तिथे हॉटेल नाही. म्हणून त्याने लिहिलं, 'गावात बेबाबाईंचं घर विचारा. उपाशी जाणार नाही.' बेबाबाई म्हणजे त्याची माय. ओळ वाचून दाखवली तेव्हा म्हातारी काय खूश झाली! कुठकुठली पोरं मग येऊ लागली. ती त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढायची, वर "लाजू नको" म्हणून दटावायची.

घात झाला तो कानबाईच्या दिवशी. श्रावणातल्या रविवारी इकडे कानबाई देवी बसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठीने गहू मोजतात, त्याचे रोट, म्हणजे पुरणाच्या जाड पोळ्या, करतात, आणि ते भाऊबंदांबाहेर कुणाच्या तोंडी जाऊ देत नाहीत. त्या दिवशी चुलीवर दुसरं काही चढत नाही. ओळ लिहिताना जितेंद्रला हे आठवलंच नाही. कसं आठवणार? जन्मापासून जे पाळतो ते माणसाला वेगळं दिसतं थोडंच!

तीन वर्षं झाली. कानबाई उखर्डूनानांच्या, म्हणजे जितेंद्रच्या काकांच्या घरी बसली होती आणि जितेंद्र तिकडेच होता. इकडे दारात एक पोरगा आला. भिजलेला, पाठीवर सॅक. मोबाइलवरची ओळ दाखवून हसला. घरभर पुरणाचा वास. बेबाबाई उंबऱ्यातच थबकली.

"भाऊ, आज रोट शेतस. परवा ये."

तिने पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. पोराला काय कळलं कोण जाणे. ओला टॉवेल त्याने ओसरीवरच्या दोरीवर टाकला, "संध्याकाळी न्यायला येतो," म्हणाला आणि डोंगराकडे गेला. दुपारी वर पाऊस कोसळला आणि नाला फुगला. पुढे पोलीस आले, चार गावची माणसं हिंडली. पोरगा काही सापडला नाही, त्याचं नावसुद्धा कळलं नाही.

सापडलं ते एवढंच. मार्गदर्शिकेत, त्या ओळीखाली, त्याच दुपारी कुणीतरी नाव न टाकता लिहिलं होतं, 'आलो होतो. जेवण मिळालं नाही.' जितेंद्रने ते पोलिसांना दाखवलं. मायला दाखवायची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून त्या घराला काहीतरी लागलंय. कडी वाजली की दोघंही एकदम उठतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. मायने टॉवेल दोरीवरून हलवला नाही. दर श्रावणात धुते आणि परत तिथेच टाकते. तो टपटपायला लागला की जितेंद्र ताट सरकवून उठतो. एकदा वैतागून तो म्हणाला, "माय, ती ओळ पुसतो आता."

"पुसशी ते त्याले घर कशं सापडी?"

झालं! ओळ राहिली.

यंदाच्या कानबाईला मायने गहू मोजले आणि एक मूठ जास्तीची टाकली. जितेंद्रने पाहिलं.

आणि दुपारी दारात पुन्हा एक पोरगा! पाठीवर सॅक, हातात मोबाइल. जितेंद्र दोन पावलं मागे सरला. माय मात्र सरळ पुढे झाली आणि तिने त्याचा हात धरला.

"कितला उशीर कया रे भाऊ!"

"आजी, मी पहिल्यांदाच आलोय," पोरगा म्हणाला. ती ऐकतेय कुठे! तिने पाट मांडला, रोट वाढले, वर तुपाची धार सोडली. आरतीला बोलवायला आलेले उखर्डूनाना दारातच उभे राहिले.

"वैनी, बाहेरनाले रोट?"

"बाहेरना नही. त्यानी मूठ मी मोजेल शे."

नाना आल्या पावली परतले. पोरगा पोटभर जेवला. हात धुतल्यावर मायने दोरीवरचा टॉवेल काढून त्याच्यापुढे धरला. "ले, तुन्हाच शे." तो गोंधळला, पण भला पोरगा, टॉवेल खांद्यावर टाकून पाया पडून गेला.

माय जितेंद्रजवळ येऊन बसली. तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं. "त्या दिन त्यानी काही लिखं व्हतं का?"

आता काय लपवायचं? त्याने वाचून दाखवलं. माय ढसाढसा रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आते ते पुसी टाक. पोट भरनं त्यानं."

जितेंद्रने मोबाइल काढला. ती दोन वाक्यं समोर होती. त्याचं बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं. जेवून गेला तो दुसराच होता, हे तिला कोण सांगणार!

"पुसलं, माय," तो म्हणाला.

माय हसली, हलक्या पावलांनी आरतीला गेली. जितेंद्र ओसरीवर बसून राहिला. दोरी रिकामी होती, अक्षरं जिथल्या तिथे होती. तो पोरगा अजून उपाशीच होता, आणि त्याची वाट बघणारं आता घरात एकच माणूस उरलं होतं.