वाफेपुरती खाच

बहारीनमधल्या मनामाच्या बाजारात फ्रेमा करणारे राजापूरचे चाचा कुठलंही चित्र आधी नाकाशी धरत. जपानी कॅलेंडरातलं, लाकडी ठशांनी छापलेलं चहाच्या दुकानाचं चित्र मी नेलं, तेव्हा ते स्टुलावरून उठलेच. चहा देणाऱ्या देखण्या बाईकडे त्यांचं लक्षच नाही.

“किटली बघा, किटली. आत्ता उकळलीय.”

वाफ थेट कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

“पण चाचा, कडेवर पुठ्ठ्याची पट्टी येणार ना?”

“मफी,” चाचांनी तिथल्या अरबीत ‘नाही’ म्हटलं. “वाफ झाकायची नाय.”

श्वास रोखून त्यांनी पट्टीला वाफेपुरती खाच पाडली आणि हात वर करून नाचायचेच बाकी राहिले.

घरी पाहुणे विचारतात, पुठ्ठा उंदरानं कुरतडलाय का? मी म्हणतो, जवळ या, चहा अजून गरम आहे.