मायाक्काचं निवडुंग

मुनशिपाल्टीनं गल्लीत दवंडी पिटली, वर दारोदार कागद चिकटवले. हिवताप हटवायचा म्हणून आपापल्या आवारातलं निवडुंग आणि काटेरी झाडोरा घरमालकानं पंधरा दिवसांत मुळासकट खणून काढावा, सांडपाणी तुंबू देऊ नये. नाही काढलं तर मुनशिपाल्टीची माणसं येऊन काढतील. हिवताप खरंच निवडुंगात दडून बसतो का, यावर गल्लीनं दोन दिवस वाद घातला आणि मग मुकाट्यानं कोयते काढले. मायाक्कानंही काढला. पण तिनं नुसते शेंडे छाटले, तेही तान्ह्याचं जावळ काढावं तशा हलक्या हातानं.

मायाक्का माळशिरसाकडची धनगरीण. दुष्काळात मेंढरं मेली तसा नवरा सिद्धाप्पा तिला घेऊन सोलापुरात आला, गिरणीत लागला आणि गावाबाहेरच्या माळावर त्यानं पत्र्याचं घर उभं केलं. पुढं शहरच सरकत सरकत त्या माळापलीकडं गेलं. आता सिद्धाप्पाच्या छातीत कापूस बसला होता आणि चार शेळ्यांच्या दुधावर मायाक्का घर ओढत होती. त्या शेळ्यांनाही तिनं कधी कोपऱ्यातल्या निवडुंगाजवळ फिरकू दिलं नाही.

कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा सात महिन्यांचा येडू गेला. मसणवटीत जागा नव्हती, मदतीला माणूस नव्हतं, आणि सिद्धाप्पा स्वतःच तापानं फणफणला होता. त्यानं पोराला आवाराच्या कोपऱ्यातच पुरलं. कोल्ही-कुत्री उकरतील म्हणून धनगर माळावर करतात तेच केलं, मातीवर दगड रचले आणि दगडांवर निवडुंगाचे फड टाकले. फड्या निवडुंगाला माती दिसली की झालं! तेरा वर्षांत तिथं पुरुषभर रान माजलं. शहराच्या हद्दीत आवारात मढं पुरणं हा गुन्हा आहे, हे नवराबायकोला मागाहून कळलं. तेव्हापासून दोघांनी या गोष्टीचा उच्चार केला नाही.

पंधराव्या दिवशी मुनशिपाल्टीचा इन्स्पेक्टर दोन गडी घेऊन आला.

"बाई, शेंडे छाटून भागत नाही. मूळ निघालं पाहिजे. कमरेइतकं खणा रे."

टिकाव वर गेलेला पाहिला आणि मायाक्काच्या तोंडून निघून गेलं, "सायेब, तितं देव हाय!"

"कसला देव?"

"आमचा बिरुबा. दगडं हायती बगा की बुडाला."

दगड होतेच. गड्यांनी टिकाव खाली ठेवले आणि कानाला हात लावले. इन्स्पेक्टर माणूस व्यवहारी. शहरातला मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं होतं, त्यात देवाधर्माचं नवं लचांड कोण गळ्यात घेईल? त्यानं वहीत 'देवस्थान' असं लिहिलं आणि चालता झाला.

मायाक्काला वाटलं, सुटलो. बिचारीला एवढं कळलं नाही, की गल्लीत एकदा देव सांगितला की तो आपला एकट्याचा राहत नाही.

पहिली आली गंगम्मा, शेजारच्या विणकराची बायको. चार वेळा तिचं पोट राहून गळालं होतं. अमावस्येला तिनं निवडुंगापुढं नारळ फोडला आणि दहीभात ठेवला. मायाक्का दाराआडून बघत होती. तिनं तेव्हाच अडवायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. तान्ह्याचं दहावं-बारावं होत नाही. येडूच्या नावानं कधी घास काढता आला नव्हता, आणि आज त्याच्यापुढं वाटीभर दहीभात होता. ती पदर तोंडात धरून रडली आणि गप्प राहिली.

पुढं गंगम्माला दिवस गेले आणि या खेपेला टिकले. मग काय विचारता! दर अमावस्येला रीघ लागली. सूतवाला चनबसप्पा पुढारी झाला. "देव काट्यात किती दिवस ठेवायचा? दगडी कट्टा बांधू. पाया कमरेइतका घेऊ," म्हणाला.

आगीतून उठून फुफाट्यात पडावं तसं झालं. देवाला उघड्यावरच आवडतं, असं मायाक्का ज्याला त्याला सांगत सुटली. लोक हसले. घरात सिद्धाप्पा खोकत म्हणाला, "गप ऱ्हा. मढ्याचा परसाद खाऊ घातला म्हनून मानसं फाडून खातील आपल्याला."

पाया खणायच्या सकाळी सारी गल्ली जमली. सातव्या महिन्यातली गंगम्मा आरतीचं ताट घेऊन पुढं उभी होती. पहिला घाव फडांवर बसला. दुसऱ्यासाठी टिकाव वर गेला, तशी मायाक्का धावली आणि काट्यांतच दगडांवर पालथी पडली.

"नका रं! देव न्हाय त्यो! येडू हाय माजा. तान्हं हाय!"

चनबसप्पाच्या हातातला नारळ गळाला. कुणी थुंकलं, कुणी आंघोळीला पळालं. टिकाव तेवढा थांबला. दुपारी गल्लीनंच जाऊन वर्दी दिली.

इन्स्पेक्टर शिपाई घेऊन आला. तो ओरडला नाही, वहीतल्या 'देवस्थान'वर त्यानं रेघ मारली एवढंच. या खेपेला गडी बिचकले नाहीत. त्यांनी निवडुंग मुळासकट उपटलं. अंगातले काटेही न काढता मायाक्का खड्ड्यात उतरली आणि हातांनी माती चाळू लागली. मुळांत गुंतलेलं जे सापडलं ते तिनं फडक्यात बांधलं. मुठीत मावेल एवढी पोटली झाली. पंचनाम्याचा साहेब येईपर्यंत इथंच बसायचं, असं शिपायानं बजावलं.

उन्हं कलताना गंगम्मा एकटीच आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"अक्का, तो देव नव्हता, तर माझ्या पोटात कोण आहे?"

मायाक्कानं मान वर केली नाही. गंगम्माचं पोट दिसू लागल्यापासून तिच्याही मनात तेच होतं. येडूच परत येतोय, आपल्या शेजारी वाढेल, डोळ्यांसमोर रांगेल. हे ती सिद्धाप्पालाही बोलली नव्हती.

"तुजंच हाय गं," ती म्हणाली आणि पोटली उचलून दाखवली. "माजा ह्यात हाय. आता कुटंबी जात न्हाय त्यो."

गंगम्मानं पोटलीकडं पाहिलं. पोटावर पदर ओढून ती एकेक पाऊल मागं सरत आपल्या घरात गेली आणि तिनं आतून कडी लावली.