पालू म्हणजे पाल नव्हे

मी मूळची अकलूजची, सोलापुरात स्पीच थेरपिस्ट आहे. आज माझी चांगलीच फजिती झाली.

यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक काका पॅरालिसिसनंतर शब्दांसाठी अडखळतात. त्यांना दुधाच्या ग्लासचं चित्र दाखवलं. ते म्हणाले, "पालू."

मला वाटलं, पाल म्हणताहेत. फुली मारली. पुन्हा विचारलं, तर पुन्हा "पालू." काकांनी चिडून चित्रच ढकलून दिलं.

शेजारी त्यांची सून बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, बरोबर सांगायलेत की! तेलुगूत दुधाला पालूच म्हणतात. घरी रोज मागतात, मी देते."

म्हणजे घरी त्यांचं अडत नव्हतं. अडलं ते माझ्या टेबलावर.

पेशंटला त्याच्या सगळ्या भाषांत तपासायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. फॉर्मवर 'घरची भाषा' असा रकानाही आहे. काकांनी आल्या आल्या "नमस्कार" म्हटलं, म्हणून मी न विचारताच तिथं 'मराठी' लिहून टाकलं होतं.

फुली खोडली. सुनेला जवळ बसवून सगळी चित्रं पहिल्यापासून घेतली.

उद्या आजारपणात तुमचेही शब्द हरवले, तर आधी कुठल्या भाषेतले परत येतील? आणि समोर बसलेली माझ्यासारखी कोणी त्यांच्यावर फुली तर मारणार नाही ना?